काशाचं वजन

१

शुक्रवारी सकाळी अकरा पंचवीसला वजनमापे कचेरीतलं एक किलोचं मूळ वजन जमिनीवर पडलेलं सापडलं. कचेरीत माणसं चार. त्यातल्या तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. चौथा, म्हणजे ज्याच्या ताब्यात ते वजन एकतीस वर्षं होतं तो, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा दारात नुसता उभा राहिला.

या चौथ्याला सगळे रतीकाका म्हणत. दुकानदारांची वजनं तपासून त्यांवर शिक्का मारायचा हे त्यांचं काम. त्यात ते कुणाला रतीभरही सूट देत नसत, म्हणून हे नाव. दुकानदारांनी ठेवलं तेव्हा ती शिवी होती. एकतीस वर्षांत तिची पदवी झाली, आणि आता तर स्वतःचं खरं नाव सांगताना काकाच क्षणभर अडखळत.

शहरातला प्रत्येक किलो त्या एका वजनाशी ताडून पाहिला जाई. वजन काशाचं होतं. कासं दिसायला दणकट, पण मोठं नाजूक. पडलं की टवका उडालाच. म्हणून ते दगडी ओट्यावर, चामड्याच्या गादीवर, काचेच्या उंच निमुळत्या घुमटाखाली बसलेलं असे. त्याला हात लावायचा नाही, कारण हाताच्या घामालाही वजन असतं. वजनावर कोरलेली खूण आपल्या बाजूला ठेवून लाकडी चिमट्यानं उचलायचं, तोलायचं, परत गादीवर ठेवायचं, वर घुमट. दिवसातून दहा वेळा तपासणी झाली तर दहा वेळा हेच.

आता ते फरशीवर आडवं पडलं होतं. खालच्या किनारीला, खुणेच्या बरोबर पाठीमागे, तिळाएवढा टवका उडालेला होता. घुमट ओट्यावरच बाजूला उभा होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"भूकंपानं पाडलं," मिस्त्री म्हणाला. काटे आणि तराजू दुरुस्त करणारा हा माणूस काकांच्याच वयाचा, आणि काकांचा जिवलग. "दुसरं काय?"

पाचच मिनिटांपूर्वी जमीन हलली होती. आठवड्यापूर्वीपर्यंत या शहरात भूकंप ही वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट होती. बुधवारी पहिला धक्का आला तेव्हा कुणाला तो ओळखूही आला नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींना वाटलं, आपलं रक्तदाबाचं दुखणं उलटलं. साहेब खिडकीतून शेजारच्या बांधकामवाल्यांवर खेकसले. संध्याकाळी बातम्यांत ऐकल्यावर सगळे एकदम शहाणे झाले, आणि शुक्रवारी खिडकीची तावदानं वाजताच चपला न घालता धावत सुटले. रतीकाका तेवढे खुर्चीवर बसून राहिले. बायको गेल्यापासून त्यांच्या पायाखालची जमीन तशीही धड नव्हती. ती जरा जास्त हलली हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मिस्त्रीनं दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं.

"भूकंपानं पाडलं, मान्य," साहेब म्हणाले. "पण घुमट घातलेला असता तर पडलं असतं का? काका, घुमट उघडा कुणी ठेवला?"

काकांनी आठवून पाहिलं. धक्क्याच्या आधी फुलवाला आला होता. त्याचा किलो बावीस मिलिग्रॅम जास्त भरला होता. "म्हणजे आजवर गिऱ्हाइकांना मी फुकट फुलं वाटली म्हणायची!" असं म्हणून तो हसला होता. हे सगळं आठवत होतं. त्यानंतर आपण घुमट घातला की नाही, तिथे मात्र नुसती पांढरी भिंत होती.

"आठवत नाही," काका म्हणाले.

२

शनिवारी लेकीचा फोन आला. बातमी तिला मिस्त्रीकडूनच कळली होती.

"बाबा, तुम्ही इकडे या राहायला. घर बंद करा. परवा गॅस चालू ठेवून झोपलात. दाराला किल्ली तशीच लटकत होती, शेजारच्या काकूंनी काढून ठेवली. आता हे."

"गॅस बारीक होता."

"बारीक काय, मोठा काय! तुमच्या डोक्याला विश्रांती हवीय. साहेब म्हणतायत ना, आपणहून निवृत्ती घ्या, प्रकरण मिटवतो? मग घ्या की."

लेकीचं चुकत नव्हतं. बायको आजारी असताना अकरा दिवस इस्पितळात काढले, मग ती गेली, मग रजा संपली आणि ते मंगळवारी कामावर आले. या सगळ्यात त्यांना रडू आलं नव्हतं, राग आला नव्हता, भूकही लागली नव्हती. अंगाला भूल दिल्यासारखं झालं होतं. त्याचंही त्यांना फारसं दुःख नव्हतं. फक्त एक गोष्ट आतून कुरतडत होती. गॅस विसरणारा म्हातारा कुठल्याही घरात असतो. पण घुमट विसरला असेल तर तो रतीकाका नव्हे. मग एकतीस वर्षांचा तो माणूस बायकोबरोबरच गेला म्हणायचा, आणि मागे उरलेल्याला लेकीनं कुठेही नेऊन ठेवला तरी चालेल.

"सोमवारी मुख्यालयाच्या बाई येतायत चौकशीला," ते म्हणाले. "त्या काय म्हणतात बघू."

"आणि त्यांनी तुमचीच चूक म्हटली तर?"

"तर येतो तुझ्याकडे."

सोमवारी ते कचेरीत पोचले तेव्हा साहेबांच्या टेबलावर निवृत्तीचा अर्ज टाइप होऊन तयार होता. खाली फक्त सहीची जागा मोकळी होती.

३

मुख्यालयाच्या बाई ठेंगण्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट होते आणि त्यांना सणसणीत सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर अर्ज उचलून उपडा ठेवला.

"हे नंतर. खोली कुणी उघडली होती का?"

"शुक्रवारीच मोहोर लावून बंद केलीय," साहेब म्हणाले. "केर पण काढू दिला नाही."

बाईंनी पांढरं फडकं ओलं करून मागितलं. मोहोर तोडली, बूट काढले आणि गुडघ्यांवर बसून त्या खोलीची सगळी फरशी, कोपरे, ओट्याच्या फटी, कपाटाखालची जागा टिपून काढली. अर्धा तास लागला. फडक्यावर धूळ आली, एक टाचणी आली, एक मेलेली माशी आली. काशाचा टवका आला नाही.

"उडून गेला असेल कुठे तरी," मिस्त्री म्हणाला.

"असेल," बाई म्हणाल्या. "बंद खोलीतून उडून गेला असेल."

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. काकांनाही तिथेच बसवलं. "तुमच्या गळ्याशी आलंय, तुम्ही ऐकायलाच हवं," असं म्हणाल्या.

साहेब आधी. शुक्रवारी काय केलंत, असं विचारल्यावर ते म्हणाले, "पळालो! खोटं कशाला बोलू? पण पळता पळता व्हरांड्यातली विजेची मुख्य कळ बंद केली. तेवढं भान होतं."

"आणि हा निवृत्तीचा अर्ज इतक्या तातडीनं?"

साहेबांचा चेहरा पडला. "बाई, या माणसाच्या हाताखाली मी शिकलो. चौकशी लागून गेला तर मान जाईल. अर्ज देऊन गेला तर निदान हार तरी घालता येईल. मंगळवारी कामावर आले तेव्हा मीच कुलूप उघडून दिलं, पहिला तासभर यांच्याजवळ बसून होतो. काही झालं तर, म्हणून."

"काही झालं?"

"काही नाही. चिमट्यानं उचलायचं, ठेवायचं, लिहायचं. यंत्रासारखं."

"काका रजेवर असताना किल्ली?"

"माझ्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप नाही," साहेब ओशाळून म्हणाले. "मधल्या शनिवारी दोन तातडीच्या तपासण्या मीच केल्या."

मावशींना बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत. "मी त्या खोलीत केरसुणीशिवाय पाऊल टाकत नाही, बाई. काचेला तर लांबूनच नमस्कार."

"केर रोज काढता?"

"रोज. म्हणजे गेल्या सोमवारी नाही काढला. मिस्त्री म्हणाले, मी झाडून घेतलंय, तुम्ही राहू द्या. म्हटलं, सूर्य कुठे उगवला आज! सव्वीस वर्षांत या माणसानं हातात झाडू धरलेला मी पाहिला नाही."

"शुक्रवारी तुम्ही सगळे बाहेर आल्यावर परत आत कोण गेलं?"

"मिस्त्रीच. काकांना माझ्याजवळ उभं केलं आणि विजेची कळ बंद करून येतो म्हणून गेले. आता दिवे तर तेव्हा गेलेलेच होते, पण घाबरल्यावर माणसाला कुठे सुचतं?"

काका हे ऐकत होते. शब्द कानात शिरत होते आणि तिथेच बसून राहत होते, दवाखान्यातल्या रांगेत माणसं बसतात तसे.

शेवटी मिस्त्री. त्यानं बसण्याआधी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, या माणसाला छळू नका. घुमट राहिला असेल उघडा. मी असतो तर माझाही राहिला असता. इस्पितळात अकरा दिवस मी याच्याबरोबर होतो, याची अवस्था मला ठाऊक आहे."

"वहिनींच्या वेळी?"

"हो. रोज डबा, रोज संध्याकाळी चार तास."

"खरं आहे," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आपणहून उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

बाईंनी नाक पुसलं. "मला जुन्या नोंदवह्या लागतील," त्या म्हणाल्या. "आणि काका, तुम्ही जेवून घ्या. दुपारी तुम्हाला थोडं वाचायचंय."

४

काका जेवले नाहीत. दुपारी बाईंनी दोन नोंदवह्या त्यांच्यापुढे उघडून ठेवल्या.

"मी लहानपणी जिथे राहायचे तिथे महिन्याकाठी धक्का ठरलेला," त्या म्हणाल्या. "माझी आई भांडी कशी लावायची माहितीय? उंच बरण्या खाली, बसकी पातेली फळीवर. कारण धक्क्यात उंच आणि हलकं आधी जातं. बसकं आणि जड जागचं हलत नाही. तुमच्याकडे मात्र हातभर उंच काचेचा घुमट उभा राहिला आणि बसका किलो तेवढा उडी मारून खाली आला. इथल्या लोकांनी भूकंप पाहिलेला नाही, म्हणून कुणाला यात वावगं वाटलं नाही."

"मग?"

"मग तुम्ही वाचा. एक किलोच्याच तपासण्या वाचा. रजेच्या आधीचं पान."

काका वाचू लागले. "वाणी, उणे अठरा मिलिग्रॅम. भाजीवाली, उणे तीस. मिठाईवाला, उणे अकरा. रद्दीवाला, उणे सत्तेचाळीस…"

"शनिवारी साहेबांनी केलेल्या दोन?"

"उणे नऊ. उणे चोवीस."

"आता मंगळवारपासूनचं तुमचं."

"खाटीक, अधिक एकवीस. वाणी, अधिक पंचवीस. बेकरीवाला, अधिक…" काकांचा आवाज खाली आला. बोट पानावरून सरकत राहिलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. अक्षर त्यांचंच, वळणदार, एकही खाडाखोड नाही. फुलवाल्यापर्यंत चौतीस नोंदी होत्या, आणि चौतीसच्या चौतीस अधिक.

"दुकानदाराचं वजन वापरून काय होतं, काका?"

"झिजतं."

"वाढतं कधी?"

"कधीच नाही. एखाद्याला मळ चिकटला तर. चौतीस जणांना नाही."

"काटा बिघडला असेल?"

काकांनी शेजारचा रकाना पाहिला. अर्ध्या किलोच्या तपासण्या त्याच काट्यावर, त्याच दिवशी झालेल्या होत्या. सगळ्या उणे. किती तरी दिवसांनी त्यांचं डोकं आपणहून एक पाऊल पुढे टाकत होतं, आणि ते पाऊल कुठे पडणार हे त्यांना दिसत होतं.

"काटा ठीक आहे," ते सावकाश म्हणाले. "लोकांची वजनं वाढली नव्हती. आपलं कमी झालं होतं. टवका मंगळवारच्या आधीच उडाला होता. खुणेच्या मागे, म्हणून दिसला नाही."

"मंगळवारची पहिली नोंद सव्वादहाची आहे आणि साहेब तुमच्या शेजारी बसलेले होते. म्हणजे तुम्ही पाडलेलं नाही. शनिवारी वजन चांगलं होतं. रविवारी कचेरी बंद. उरला सोमवार. त्या दिवशी साहेब कुठे होते हे मला विचारा, कारण मुख्यालयात ते माझ्यासमोर बसून जांभया देत होते."

सोमवारी कचेरीत दोनच माणसं होती. एकीला केर काढू दिला नव्हता. दुसऱ्यानं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच झाडू धरला होता, आणि शुक्रवारी आधीच बंद झालेली कळ बंद करायला तोच आत गेला होता.

"बोलावू?" बाईंनी विचारलं.

काकांना वाटलं, नको म्हणावं. अर्ज समोर आहे, सही करावी, लेकीकडे जावं. तेच सोपं होतं.

"बोलवा," ते म्हणाले.

५

मिस्त्रीनं नोंदवह्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. कानावर हात ठेवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. हातांना वजनाची ओळख असलेला माणूस होता तो. चौतीस अधिक म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"तू मंगळवारी येणार होतास," तो काकांना म्हणाला. बाईंकडे त्यानं पाहिलंच नाही. "म्हटलं, आल्या आल्या तुला धूळ दिसायला नको. काटा पुसला, गादी झटकली. चिमटा शनिवारी साहेबांनी कुठे ठेवला होता, सापडेना. म्हणून रुमालात धरून उचललं. एका सेकंदात निसटलं रे."

"मग सांगायचं," काका म्हणाले.

"माझी दोन वर्षं उरलीत. मुख्यालय काय करतं ते तुला माहितीय. म्हटलं दोन दिवस जाऊ देत, मग सांगतो. बुधवारी जमीन हलली. शुक्रवारी परत हलली, तेव्हा आत पळालो, घुमट काढला आणि वजन खाली ठेवलं. भूकंपाच्या माथी मारलं की कुणाचंच काही जाणार नाही, असं वाटलं."

"माझं जाणार होतं," काका म्हणाले. "घुमट मी उघडा ठेवला असं तू म्हणालास. आज सकाळी, खांद्यावर हात ठेवून."

मिस्त्री मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाला, "वाटलं, तुला काही वाटणार नाही. तुला हल्ली कशाचंच काही वाटत नाही."

बाईंची सर्दीसुद्धा थांबल्यासारखी झाली.

"इस्पितळात यायचास, ते?" काकांनी विचारलं. "ते खरं होतं?"

"खरं होतं रे! देवाशपथ खरं होतं."

"मग हेही खरं," काका म्हणाले.

मिस्त्री उठून गेला. जाताना त्यानं नेहमीसारखा काकांच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला. काकांनी ते पाहिलं. सव्वीस वर्षांचा मित्र दारातून बाहेर पडताना दिसत होता आणि त्यांना हाक मारता येत नव्हती.

बाईंनी निवृत्तीचा अर्ज फाडला. "अहवालात लिहिते. तपासनिसाचा दोष नाही."

"एक दोष आहे," काका म्हणाले. "तोही लिहा. चौतीस वेळा अधिक आलं आणि मला दिसलं नाही. नवीन उमेदवाराला तिसऱ्या नोंदीला दिसलं असतं. चार दिवस मी बसलो होतो तिथे, पण मी नव्हतोच."

"ते माझ्या चौकशीत येत नाही, काका."

"मग मी लिहितो."

त्यांनी नोंदवही पुढे ओढली आणि मंगळवारच्या पानावर, समासात, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं : येथून पुढे एक किलोच्या चौतीस नोंदी चुकीच्या. तपासणाऱ्याचे लक्ष नव्हते. चौतीसही वजने परत मागवावीत. खाली सही केली. या वेळी खरं नाव लिहिताना ते अडखळले नाहीत.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत त्यांनी कचेरीच्या पायरीवर बसून लेकीला फोन लावला.

"काय झालं बाबा? काय म्हणाल्या त्या?"

"मी विसरलो नव्हतो."

"अगं बाई! खरंच?" ती एवढ्या जोरानं ओरडली की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग पाडलं कुणी?"

"मिस्त्रीनं."

"मिस्त्रीकाकांनी? आपले मिस्त्रीकाका? बाबा, आई गेली त्या सकाळी तुमच्या आधी त्यांनीच मला फोन केला होता."

"हो," काका म्हणाले. "तुझी आई गेली त्या सकाळी."

हे वाक्य त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही उच्चारलं नव्हतं. येणारे-जाणारे म्हणायचे, लेक म्हणायची, ते मान हलवायचे. आता शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्यांच्या मागोमाग छातीतून काही तरी निघालं, आधी खोकल्यासारखं, मग कसलीच लाजलज्जा नसलेलं. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला, पाहून पुढे गेला.

"बाबा? रडताय का?"

"हो."

"मी येते. आत्ताची गाडी मिळाली तर आत्ताच निघते."

"ये," काका म्हणाले. "पण मला न्यायला नको येऊस. नुसती ये."